कोकणातला मे महिना आणि नवरीने स्वतः केलेला मेकअप

सांगलीहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे: "ताई, माझे लग्न मे महिन्याच्या मध्यावर रत्नागिरीजवळ, सासरच्या घरापुढे घातलेल्या मांडवात आहे. मुहूर्त सकाळी साडेअकराचा आहे. माझा वर्ण गव्हाळ असून कपाळ आणि नाक तेलकट, गाल मात्र कोरडे आहेत. डोळ्यांखाली आणि ओठांभोवती काळसरपणा आहे. साखरपुड्याला बाहेरून मेकअप करून घेतला, तेव्हा फोटोंत चेहरा राखाडी दिसला आणि तासाभरात काजळ गालावर उतरले. म्हणून लग्नाचा मेकअप मी स्वतःच करायचे ठरवले आहे. मदतीला मावशी असेल. चष्म्याऐवजी लेन्स लावणार आहे. आई म्हणते, काजळ घरचेच घाल. मला हे जमेल का, आणि घामात मेकअप टिकवायचा तर काय करावे?"

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

लग्नासाठी मनापासून शुभेच्छा. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते: जमेल. चेहऱ्याचा मेकअप तुम्ही स्वतः उत्तम करू शकाल, मात्र केस आणि साडी या दोन गोष्टी त्या सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवाव्यात, कारण अंबाडा बांधताना हात बराच वेळ वर धरावे लागतात आणि त्यानंतर डोळ्याजवळ रेघ ओढायला हात स्थिर राहत नाही. घामाच्या हवेत नवऱ्या सजवताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे, ती अशी की मेकअप थर वाढवल्याने टिकत नाही; प्रत्येक थर किती पातळ आहे आणि पुढचा थर लावण्याआधी त्याला बसायला किती वेळ दिला आहे, यावर तो टिकतो. पुढचे सगळे त्याच धाग्याने सांगते आहे.

साखरपुड्याला चेहरा राखाडी का दिसला, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढची खरेदी चुकणार नाही. फाउंडेशनचा, म्हणजे सगळ्या चेहऱ्याला एकसारखा रंग देणाऱ्या लेपाचा, रंग मुख्यतः चार रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळे, तांबडे व काळे आयर्न ऑक्साइड. छटा जितकी उजळ, तितके त्यात पांढरे द्रव्य अधिक असते. नवरीला एक-दोन छटा उजळ दाखवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्यामुळे गव्हाळ त्वचेवर या पांढऱ्या द्रव्याचा पातळ पडदा बसतो आणि त्याखालून त्वचेचा मूळ तपकिरी रंग डोकावत राहतो. दोन्ही मिळून जो रंग दिसतो तो गोरा नसतो, तर राखाडी असतो. आपल्यापैकी बहुतेकींच्या त्वचेला पिवळसर झाक असते; तिच्यावर गुलाबी झाकेचे फाउंडेशन आले की हा दोष आणखी उठून दिसतो. उजळ दिसण्यासाठी छटा बदलू नका, असे मी प्रत्येक नवरीला कळकळीने सांगते. पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा चुडा गव्हाळ वर्णावर जसा खुलतो तसा तो क्वचितच दुसऱ्या वर्णावर खुलत असेल, तेव्हा हा वर्ण झाकण्याचे काही कारणच नाही.

छटा निवडण्यासाठी दुकानात दिवसा जावे आणि चेहऱ्याला आधी काहीही लावलेले नसावे. मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर लावून पाहण्याचा उपयोग नाही, कारण हाताचा रंग उन्हाने वेगळा झालेला असतो. जबड्याच्या कडेवर, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे, शेजारशेजारच्या तीन छटांच्या लहान उभ्या रेघा ओढाव्यात आणि दुकानाच्या दिव्यांखाली निर्णय न घेता बाहेर उजेडात येऊन आरशात पाहावे. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची छटा. तरीही लगेच विकत घेऊ नये. अर्धा तास बाजारात दुसरे काम उरकून पुन्हा पाहावे, कारण त्वचेच्या तेलाशी आणि हवेशी संबंध आल्यावर पुष्कळ फाउंडेशने काहीशी गडद होतात. तुमच्यासारख्या ज्यांचा ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा सावळा असतो, त्यांनी गालांशी मेळ घालत बसू नये, मानेशी घालावा. फोटोत चेहरा आणि मान शेजारीशेजारी येतात. तिथे फरक पडला की तो लपत नाही.

डोळ्यांखालच्या काळसरपणावर थेट उजळ कन्सीलर (डाग झाकणारा दाट लेप) लावला तर तोही राखाडीच दिसतो. आधी त्या काळेपणाचा रंग ओळखावा. तो निळसर असेल तर पीच रंगाचा करेक्टर, म्हणजे काळेपणाचा रंग मारणारा रंगीत लेप, पुरतो. तपकिरी असेल, आणि गव्हाळ ते सावळ्या त्वचेवर बहुधा तो तपकिरीच असतो, तर नारिंगीकडे झुकणारा करेक्टर लागतो. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढा करेक्टर पुष्कळ झाला. तो नाकाजवळच्या कोपऱ्यात आणि जिथे सावली पडते त्या रेषेवरच अनामिकेने थोपटावा, डोळ्याखालचा संपूर्ण त्रिकोण भरू नये. मिनिटभर थांबून त्यावर फाउंडेशनच्याच छटेचा कन्सीलर थोपटावा. ओठांभोवतीही हीच पद्धत, पण तिथे हात आणखी हलका हवा, कारण बोलताना आणि हसताना जाड थर आधी तिथेच भेगाळतो.

आता घामाविषयी. सांगलीचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो. तिथे घाम येतो आणि वाळतो. रत्नागिरीला समुद्राची दमट हवा असल्यामुळे घाम वाळत नाही, तो त्वचेवर साचतो आणि मेकअपला खालून उचलतो. त्यामुळे सांगलीत घरी केलेला सराव यशस्वी झाला म्हणून निर्धास्त राहू नका. सरावाच्या दिवशी पूर्ण मेकअप करून भर दुपारी पंखा न लावता तासभर स्वयंपाकघरात पोळ्या लाटाव्यात. कुकरची वाफ आणि तव्याची धग सोसून जे चेहऱ्यावर राहील ते मांडवातही राहील, आणि जे ओघळेल ते आजच कळलेले बरे.

लग्नाच्या सकाळी चेहरा धुतल्यावर गालांवर साधे मॉइश्चरायझर आणि कपाळ-नाकावर त्याचा नुसता हात फिरवावा. ते पाच मिनिटे मुरू द्यावे. मांडव अंगणात असल्यामुळे सनस्क्रीन हवेच, पण ते जेलसारखे, पांढरा थर न ठेवणारे असावे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन उन्हापासून चांगली राखतात, परंतु फ्लॅशचा प्रकाश परतवून फोटोत चेहरा पांढरा पाडू शकतात. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेली पारदर्शक पावडरही हेच करते. घरी याची परीक्षा सोपी आहे. पूर्ण मेकअप करून अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने स्वतःचा फोटो काढून पाहावा. सनस्क्रीननंतर दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. या वेळात केसांचे काम सुरू करता येते. एवढा वेळ न देता वर प्राइमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) किंवा फाउंडेशन चोळले की शेवया वळल्यासारखे कण सुटतात, आणि एकदा ते सुटले की चेहरा पुन्हा धुण्यावाचून उपाय राहत नाही. प्राइमर फक्त नाकाच्या बाजूंना आणि कपाळाच्या मध्यावर पुरे.

फाउंडेशन ब्रशने ओढू नये, ओल्या स्पंजने दाबून बसवावे. स्पंज पाण्यात फुगू द्यावा आणि मग टॉवेलमध्ये धरून इतका पिळावा की त्यातून एक थेंबही येता कामा नये. ओलसर स्पंज थर पातळ करतो, पाणथळ स्पंज मात्र फाउंडेशन फाडतो. हरभऱ्याएवढे फाउंडेशन हाताच्या पाठीवर घेऊन नाकाच्या दोन्ही बाजूंपासून बाहेरच्या दिशेने थोपटत न्यावे आणि केसांच्या कडेला पोहोचेपर्यंत स्पंजवर जवळजवळ काही उरू नये. जिथे अजून डाग दिसतो तिथेच दुसऱ्यांदा थोपटावे. उरलेला स्पंज मानेवरून आणि कानांवरून नक्की फिरवा. अंबाड्यामुळे कान पूर्ण उघडे राहतात, त्यांत कुडी आणि बुगडी असल्यामुळे छायाचित्रकार ते जवळून टिपतो, आणि तिथे कानाची पाळी वेगळ्याच रंगाची दिसते. हे मी इतक्या अल्बमांत पाहिले आहे की आता नवरीला उठू देण्याआधी कान तपासल्याशिवाय मला राहवत नाही.

पावडर पफवर घेऊन पफ दुमडून चोळावा, म्हणजे पावडर पफात जिरते. मग कपाळाचा मध्य, नाक, हनुवटी आणि डोळ्यांखाली ती दाबावी. पिवळसर झाकेची पावडर तुम्हाला शोभेल. कोरड्या गालांवर मुद्दाम पावडर लावू नये. शेवटी मेकअप बसवणारा सेटिंग स्प्रे हातभर अंतरावरून मारून तो आपोआप वाळू द्यावा. मांडवात घाम आला की पहिली आणि एकमेव क्रिया म्हणजे टिश्यू पेपर एकपदरी करून दाबणे. पुसणे नव्हे आणि घामावर पावडर लावणे तर मुळीच नव्हे, कारण ओल्या पावडरीचे थापे बसतात आणि ते कशानेही एकसारखे होत नाहीत. एक लहान टिश्यू पाकीट करवलीच्या हाती द्या आणि दर विधीनंतर तिने तुमच्या वरच्या ओठाकडे आणि नाकाच्या शेंड्याकडे पाहायचे, असे तिला आधीच सांगून ठेवा.

घरच्या काजळाबद्दल आईंचे मन दुखवू नका, परंतु ते लग्नाच्या दिवशी डोळ्यांत घालू नका. घरचे काजळ म्हणजे काजळी आणि तूप किंवा एरंडेल. तूप शरीराच्या उबेनेच वितळते, मग मे महिन्यात ते जागेवर राहणार कसे? शिवाय कॉन्टॅक्ट लेन्सवर तेलाचा थर बसला की सगळे धूसर दिसू लागते. त्याऐवजी वॉटरप्रूफ पेन्सिलने वरच्या पापणीच्या मुळाशी रेघ ओढावी, खाली केवळ पापण्यांच्या मुळांशी बारीक ठिपके देऊन ते जोडावेत आणि त्यावर चपट्या लहान ब्रशने गडद तपकिरी आयशॅडो दाबावी. खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काहीच घालू नये. काजळ गालावर उतरते ते तिथूनच. बाहेर निघालेली टोकदार रेघ त्या दिवशी टाळावी. दोन्ही डोळ्यांवर ती सारखी येण्यासाठी मन शांत लागते आणि मुहूर्ताच्या सकाळी दारात वाजंत्री वाजत असताना ते नसते. गडद आयशॅडो लावणार असाल तर डोळे आधी करावेत आणि फाउंडेशन नंतर, म्हणजे गालावर सांडलेली भुकटी पुसून टाकता येते. मस्कारा वॉटरप्रूफ आणि नवा घ्यावा. हे दोन्ही महत्त्वाचे आहे, कारण लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येतेच आणि पाठवणीच्या वेळी पुन्हा येते. अशा वेळी बोटाने डोळा पुसू नये. टिश्यूला पीळ देऊन त्याचे टोक नाकाजवळच्या कोपऱ्यात टेकवावे, पाणी ते आपोआप शोषून घेते.

मेकअपच्या बहुतेक सूचना सभागृहात बसलेल्या नवरीसाठी असतात. आपल्या विधींमध्ये मात्र चेहऱ्यावर सतत काही ना काही येत राहते, आणि खरी कसोटी तिथे लागते. सुरुवात हळदीपासून होते. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून आदल्या दिवशी हळद लागल्यावर साबणाने चेहरा घासत बसू नये. आधी खोबरेल तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा आणि मग सौम्य फेसवॉशने धुवावे. थोडी पिवळी झाक उरली तरी तुमच्या छटेला ती मारक नाही. हळद मात्र हळकुंडे दळून घेतलेलीच वापरा. तुमच्या सांगलीत चांगल्या हळदीला तोटा नाही. भुवया आणि वरचा ओठ हळदीच्या किमान तीन-चार दिवस आधी करून घ्यावेत, नाहीतर ताज्या त्वचेवर हळद झोंबते आणि लालसर पुरळ फाउंडेशनखालूनही दिसते. फेशियल, ब्लीच किंवा कोणतेही नवे प्रसाधन शेवटच्या आठवड्यात नकोच. नवी वस्तू कानामागे दोन दिवस लावून पाहिल्याशिवाय चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

मग कुंकू. औक्षणाला आणि ओटी भरताना प्रत्येक सुवासिनी कपाळाला बोट लावते आणि कुंकवाची भुकटी नाकावर सांडते. ती पाहताच हात जातो आणि बोटाने पुसली की फाउंडेशनच्या तेलात कुंकू कालवले जाऊन नाकावर लाल पट्टा उमटतो. भुकटीला हात लावू नये. कोरड्या, स्वच्छ, मोठ्या ब्रशने ती वरच्या वर झटकावी. हा एक ब्रश मावशींच्या पिशवीत असलाच पाहिजे, बाकीचे नसले तरी चालतील. मुंडावळ्या कपाळावर घासतात, म्हणून कपाळावर फाउंडेशन सर्वांत कमी ठेवावे, पावडर दाबावी आणि ताज्या फुलांच्या मुंडावळ्या असतील तर बांधण्यापूर्वी त्यांतले पाणी निथळून टाकावे. चंद्रकोर चिकटवायची असेल तर तेवढ्या जागेचे फाउंडेशन टोनरमध्ये भिजवलेल्या इअरबडने काढावे, नाहीतर मंगलाष्टके संपण्याआधी ती घसरते. टिकलीच्या जागी तुम्हाला कधी खाज आली असेल तर टिकली न लावता कुंकूच रेखावे. काही टिकल्यांच्या चिकट थरात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचे रसायन असते आणि त्याची प्रतिक्रिया येणाऱ्यांच्या कपाळावर पांढरा डाग राहू शकतो. असा डाग दिसू लागलाच तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यात उशीर करू नये.

नथ चापाची असेल तर चाप जिथे बसतो ती नाकपुडीची कड आतून-बाहेरून कोरडी ठेवावी, तिथे फाउंडेशनही नको आणि प्राइमरही नको. नथ ओठांवर झुकते, त्यामुळे लिपस्टिक पूर्ण बसल्यावरच ती घालावी. ओठांना मेकअपच्या सुरुवातीला बाम लावून ठेवावा आणि लिपस्टिकच्या वेळी तो पुसून काढावा. मग लायनरने फक्त कड न आखता सगळे ओठ भरावेत, त्यावर मॅट लिपस्टिक, टिश्यू दाबून पुन्हा एक पातळ हात. "न पुसली जाणारी" म्हणून विकली जाणारी लिपस्टिकसुद्धा तेलातुपाने सुटते, आणि पंगतीत घास भरवताना तूप टाळता येत नाही. जेवणानंतर ओठांच्या मधला भाग पुसून पुन्हा लायनर आणि लिपस्टिक लावावी लागेल, हे गृहीत धरून दोन्ही वस्तू जवळ ठेवाव्यात.

मेकअपला दीड तास आणि साडी-दागिन्यांना एक तास धरा, म्हणजे त्याआधीच्या विधींचा वेळ भटजींना विचारून मागे मोजता येईल. ब्लाउज आधीच घालून खांद्यांवर जुनी ओढणी घ्यावी, कारण डोक्यातून काही घालायचे राहिले की मेकअप बिघडलाच. खिडकीकडे तोंड करून बसावे. डोक्यावरच्या दिव्याखाली डोळ्यांखाली सावली पडते आणि तिला काळेपणा समजून हात जास्त चालतो.

राहिली लेन्स. हात साबणाने धुऊन, कोरडे करून लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि रात्री मेकअप काढण्यापूर्वी काढाव्यात. वॉटरप्रूफ मस्कारा चोळून निघत नाही. तेल असलेल्या रिमूव्हरने भिजवलेला कापूस बंद पापणीवर अर्धा मिनिट धरावा आणि मग खाली सरकवावा. लेन्सची डबी, द्रावण आणि तुमचा चष्मा मांडवात जवळ असू द्या. होमाच्या धुराने डोळा चुरचुरत राहिला किंवा सकाळीच लाल दिसला, तर लेन्सचा हट्ट न धरता चष्मा लावूनच बोहल्यावर उभ्या राहा. लांबचे न दिसणाऱ्यांच्या चष्म्यात डोळे थोडे लहान भासतात, त्यासाठी वरच्या पापणीची रेघ किंचित जाड करावी आणि भुवया चष्म्याच्या चौकटीच्या वर दिसतील इतपत नीट भराव्यात, एवढाच बदल त्या वेळी करावा लागेल.